वाचकांचे प्रश्न : राजा, दौरा आणि लोक

गेल्या अंकात ब्रिटिश राजघराण्यावर लेख आला, त्यानंतर पत्रांचा ढीग जमला. बऱ्याच पत्रांचा सूर एकच होता : ‘राजा नावाच्या या माणसाचं आता नेमकं काम काय?’ काही पत्रं परदेशातल्या मराठी वाचकांची आहेत आणि त्यांचे प्रश्न अगदी व्यवहाराचे आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

राजा परदेश दौऱ्यावर जातो तो स्वतःच्या मर्जीने की सरकार पाठवतं म्हणून? आणि पैसे कोणाचे? – वाचक, सांगली

सरकार पाठवतं म्हणून. कुठे जायचं, कोणाला बोलवायचं, हे परराष्ट्र खात्याच्या सल्ल्यानेच ठरतं. लंडनमध्ये यासाठी एक समिती बसते. तिच्यात राजवाड्याचे अधिकारी असतात आणि सरकारचेही. २०२३च्या मार्चमध्ये राजे चार्ल्स यांचा पहिला राजकीय दौरा (म्हणजे ‘स्टेट व्हिजिट’) फ्रान्सपासून सुरू व्हायचा होता. तिथे पेन्शनच्या कायद्यावरून रस्ते पेटले होते, म्हणून राष्ट्राध्यक्ष माक्रों यांनीच दौरा पुढे ढकलायला सांगितलं. मग जर्मनी पहिली झाली आणि फ्रान्सचा नंबर सप्टेंबरात लागला. राजाची हौस यात कुठेच आली नाही.

दुसरं उदाहरण अलीकडचं. २७ फेब्रुवारी २०२५ला पंतप्रधान स्टार्मर व्हाइट हाउसमध्ये गेले, कोटाच्या खिशातून राजाचं पत्र काढलं आणि कॅमेऱ्यांसमोर ट्रम्प यांच्या हातात दिलं. दुसऱ्या राजकीय भेटीचं ते निमंत्रण होतं. सही राजाची आणि गरज सरकारची. राजघराणं आज कशासाठी वापरलं जातं, ते त्या एका लिफाफ्यात दिसतं. पंतप्रधानाला देता येत नाही असा मान – बग्गी, तोफांची सलामी, राजवाड्यातली मेजवानी – सरकारला राजाकडून उसना मिळतो.

आता पैसे. २०११च्या कायद्यानुसार राजाला ‘सॉव्हरिन ग्रँट’ मिळते. हिशोब असा : क्राउन इस्टेट नावाची मोठी मालमत्ता आहे. लंडनच्या रीजेंट स्ट्रीटचा मोठा भाग, शेतजमिनी, इंग्लंड-वेल्सच्या किनाऱ्यालगतचा समुद्रतळ, असं बरंच काही तिच्यात येतं. ती राजाची खासगी नाही आणि सरकारचीही नाही. तिचा नफा सरकारी तिजोरीत जातो. १७६०मध्ये तिसऱ्या जॉर्जने हे उत्पन्न सोडून त्याऐवजी नेमणूक घेतली, तेव्हापासूनची ही वाट. दोन वर्षांपूर्वीच्या नफ्याचा ठरावीक टक्का धरून राजाची रक्कम काढतात. आधी १५ टक्के, मग बकिंगहॅम राजवाड्याच्या वायरिंग-नळांच्या दुरुस्तीसाठी २५ टक्के आणि आता १२ टक्के.

टक्का निम्म्याहून खाली आला, तरी रक्कम ८ कोटी ६३ लाख पौंडांवरून २०२५-२६ साली १३ कोटी २१ लाखांवर गेली. कारण समुद्रतळ पवनचक्क्यांना भाड्याने दिल्यामुळे इस्टेटचा नफाच १ अब्ज १० कोटींवर पोचला होता. शिवाय कायद्यातली एक मेख बघा : ही रक्कम आदल्या वर्षापेक्षा कमी होऊ शकत नाही. नफा घसरला तरी राजाचं ताट भरलेलंच राहतं.

अधिकृत प्रवास या रकमेतून होतो. पोलीस बंदोबस्त मात्र तिच्यात धरलेला नाही, तो आकडा जाहीरही होत नाही. त्यामुळे ‘राजघराणं माणशी अमुक पेन्सला पडतं’ असं कोणी सांगितलं, तर बंदोबस्त धरलाय का, हा पहिला प्रश्न विचारावा.

एका बातमीत म्हणतात ब्रिटिशांना राजेशाही हवी, दुसरीत म्हणतात पाठिंबा घसरला. खरं काय? – वाचक, नाशिक

दोन्ही खरं, कारण प्रश्न दोन वेगळे आहेत.

पहिला प्रश्न असा विचारतात : ‘राजेशाही राहावी, की निवडून आलेला राष्ट्रप्रमुख असावा?’ दोनच पर्याय. याला दहापैकी साधारण सहा जण ‘राजेशाही’ म्हणतात. दुसरा प्रश्न १९८३पासून एकाच शब्दांत विचारला जातो : ‘ब्रिटनला राजेशाही असणं किती महत्त्वाचं वाटतं?’ पर्याय पाच – फार, बऱ्यापैकी, फारसं नाही, अजिबात नाही, आणि रद्द करावी. १९८३मध्ये ‘फार महत्त्वाचं’ म्हणणारे ६५ टक्के होते. २०२३मध्ये, म्हणजे राज्याभिषेकाच्या वर्षी, ते २९ टक्क्यांवर आले.

मधल्या लोकांकडे बघा, म्हणजे कोडं सुटतं. यांना राजा फारसा लागत नाही, पण तो काढून टाकण्याची खटपटही नको असते. दोन पर्यायांच्या प्रश्नात हे सगळे ‘राहू दे’च्या खात्यात जमा होतात. राजेशाही टिकली आहे ती भक्तांपेक्षा या ‘राहू दे’वाल्यांच्या जोरावर, असं आमचं मत.

वयाचा फरक मोठा आहे. पासष्टीपुढे पाठिंबा भक्कम. १८ ते २४ वयोगटात राजेशाहीच्या बाजूचे दहात तीन-चार. ‘वय वाढलं की मतं बदलतात’ हा राजवाड्याच्या समर्थकांचा दिलासा. पण १९८३मध्ये तरुण असलेली पिढी आज साठीच्या आसपास आहे, आणि एकूण आकडा तरी खालीच आलाय. म्हणजे नुसत्या वयावर भिस्त ठेवून चालणार नाही.

प्रश्नाची मांडणी काय करू शकते याचा धडा ऑस्ट्रेलियाने दिला. ६ नोव्हेंबर १९९९च्या सार्वमतात प्रजासत्ताकाच्या बाजूने ४५ टक्के, विरोधात जवळजवळ ५५. पण मतपत्रिकेवर नुसतं ‘राणी हवी का?’ नव्हतं. राष्ट्राध्यक्ष संसदेने दोन-तृतीयांश मतांनी नेमायचा, अशी योजना होती. ज्यांना राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडलेला हवा होता, त्यांतल्या अनेक प्रजासत्ताकवाद्यांनी ‘नाही’वर शिक्का मारला आणि राणी राहिली.

१९२१च्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या दौऱ्यावर मुंबईत दंगल झाली, पण पुण्यात त्याच्या हस्ते शिवस्मारकाची कोनशिला बसली. एकाच आठवड्यात हे कसं? – वाचक, पुणे

आठवड्यातही नाही, दोन दिवसांत. १७ नोव्हेंबर १९२१ला राजपुत्र एडवर्ड अपोलो बंदरावर उतरला. त्याच दिवशी काँग्रेसचा बहिष्कार होता आणि परळच्या गिरणगावात गांधीजींच्या उपस्थितीत परदेशी कापडाची होळी झाली. स्वागताला गेलेले पारशी, अँग्लो-इंडियन आणि इतर लोक परतताना जमावाच्या तावडीत सापडले. ट्रामगाड्या आणि दारूची दुकानं फोडली गेली, मग उलट हल्ले आणि गोळीबार. मृतांचा आकडा ५८ सांगितला जातो. गांधीजींनी १९ तारखेला उपोषण धरलं आणि शहर शांत झाल्यावर २२ला सोडलं.

आणि त्याच १९ तारखेला पुण्यात हा राजपुत्र शिवाजी महाराजांच्या स्मारकाची कोनशिला बसवत होता. त्याला आणलं होतं कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. याला नुसती राजनिष्ठा म्हणून निकाली काढणं सोपं, पण अपुरं आहे. असहकाराच्या चळवळीचं नेतृत्व महाराष्ट्रात ज्यांच्या हातात होतं, त्यांच्याशी शाहू महाराजांचा वेदोक्तापासूनचा (महाराजांना वेदमंत्रांचा अधिकार पुरोहितांनी नाकारला, त्या वादापासूनचा) झगडा होता. ब्रिटिश युवराज शिवछत्रपतींच्या स्मारकाला हात लावतो, हे दृश्य त्यांना पुण्यातच घडवायचं होतं. कोणाला दाखवायचं होतं, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. पुढे सहा महिन्यांत, ६ मे १९२२ला, महाराज गेले. पुतळा घडवला सासवण्याच्या विनायकराव ऊर्फ नानासाहेब करमरकरांनी आणि त्याचं अनावरण १९२८मध्ये गव्हर्नर लेस्ली विल्सनच्या हस्ते झालं. शिवाजीनगरच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमध्ये तो आजही बघायला मिळतो.

गर्दीबद्दलही एक सांगायला हवं. रस्त्याच्या कडेला किती माणसं उभी होती, यावरून लोकमत मोजायची सवय तेव्हाच्या वृत्तपत्रांना होती, आजच्या वाहिन्यांनाही आहे. मुंबईत त्या दिवशी स्वागतालाही गर्दी होती आणि होळीलाही. डिसेंबरात तोच राजपुत्र अलाहाबादला गेला, तेव्हा रस्ते ओस होते.

गेटवे ऑफ इंडिया राजा येण्याआधी बांधला की नंतर? – वाचक, अलिबाग

वरातीमागून घोडं. पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ला अपोलो बंदरावर उतरले, तेव्हा समोर उभी होती ती पुठ्ठ्याची प्रतिकृती. वास्तुकार जॉर्ज विटेटचा आराखडा १९१४मध्ये पक्का झाला, कमान १९२४मध्ये पुरी. आणि चोवीस वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९४८ला, शेवटची ब्रिटिश पलटण त्याच कमानीखालून बोटीकडे गेली.

आमच्या इथल्या मराठी मंडळाचा सुवर्णमहोत्सव पुढच्या वर्षी आहे. राजघराण्यातल्या कोणाला बोलवता येईल का? पत्र कोणाला लिहायचं? – मंडळाचे कार्यकर्ते, लंडन

येईल. अशा मंडळांच्या अर्जांत चुका मात्र त्याच त्याच होतात, म्हणून क्रमाने सांगतो.

पत्र थेट राजवाड्याला पाठवलं तरी चालतं, पण ते फिरून तुमच्या काउंटीच्या लॉर्ड-लेफ्टनंटच्या (म्हणजे राजाच्या तिथल्या प्रतिनिधीच्या) कचेरीत मत विचारायला येतंच. तेव्हा सुरुवात तिथूनच करा. बृहन्लंडनला एक लॉर्ड-लेफ्टनंट आहेत आणि प्रत्येक बरोला (म्हणजे लंडनच्या पालिका-विभागाला) त्यांचे प्रतिनिधी उपलेफ्टनंट. आधी त्यांना एखाद्या साध्या कार्यक्रमाला बोलवा – वाचनालय, ज्येष्ठांचं जेवण, शनिवारची मराठी शाळा. त्यांनी काम डोळ्यांनी पाहिलेलं असलं, की शिफारशीत वजन येतं.

पत्र एक-दीड पानाचं असावं. मंडळ काय करतं, किती लोकांसाठी करतं, पाहुण्याला काय बघता येईल आणि कोण भेटेल, एवढंच. पन्नास वर्षांचा इतिहास आणि सगळ्या माजी अध्यक्षांची यादी जोडू नका.

पहिली नेहमीची चूक तारखेची. ‘गणेश चतुर्थीला संध्याकाळी सहा वाजता यावे’ असं लिहिलंत की अर्ज जवळजवळ बाद. राजघराण्याची डायरी सहा-सहा महिन्यांच्या टप्प्यांनी ठरते. एका भागात गेलं की तिथले तीन-चार कार्यक्रम एका दिवसात जोडून करतात. तेव्हा ‘एप्रिल ते सप्टेंबरमध्ये कधीही’ असं लिहा आणि निदान सहा महिने, जमलं तर वर्षभर आधी लिहा. दुसरी चूक नावाची : ‘राजे किंवा युवराजच हवेत’. राजकन्या अ‍ॅन, एडिनबराचे ड्यूक आणि डचेस, ग्लॉस्टरचे ड्यूक ही मंडळी वर्षाला ढिगाने कार्यक्रम करतात. ‘राजघराण्यातील कोणीही सदस्य’ असं लिहिलं तर दार उघडं राहतं.

होकार आला तरी बोभाटा करू नका. पोलिसांनी सांगेपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात एक ओळही टाकायची नाही. बातमी फुटल्यास भेट रद्द होऊ शकते. आतल्या पाहुण्यांची नावं आधी द्यावी लागतात, ऐनवेळी ‘माझे मेहुणे पण आलेत’ चालत नाही. आधी अधिकारी येऊन वाट चालून बघतात, घड्याळ लावून. भेट साधारण तासाभराची असते. तेवढ्यात पाच-सहा जणांचे चार-पाच घोळके अर्धवर्तुळात उभे करा. एकच लांब रांग लावली की शेवटच्या टोकाच्या लोकांच्या वाट्याला नुसती मान हलते. भाषणं नकोत. पाट्यांचं अनावरण एकच.

सहीच्या वहीचंही सांगतो. वही उघडून ‘सही करा’ म्हणायचं नाही. कोरं, चांगल्या कागदाचं पान आधीच कचेरीला विचारून ठेवायचं आणि पेन चालवून बघायचं. सप्टेंबर २०२२मध्ये उत्तर आयर्लंडच्या हिल्सबरो किल्ल्यात राजे चार्ल्स यांच्या बोटांवर पेन गळलं आणि त्यांची चिडचिड जगभर दाखवली गेली.

शाल-श्रीफळ आणि हार घालायचा असल्यास आधी कळवा. नारळ हातात घेऊन पाहुण्याने पुढचा अर्धा तास काढायचा नसतो, शेजारच्या सहायकाकडे तो लगेच जातो. अधिकृत भेटवस्तू पाहुण्याची खासगी मालमत्ता होत नाही, विकता येत नाही. तेव्हा पैठणी दिलीत तर ती कोणी नेसलेली दिसेल, अशी आशा ठेवू नका. खायला ठेवलंत तर चालेल, पण छोट्या भेटीत कोणी फारसं खात नाही. राणी कॅमिला यांनी २०१८मध्ये ऑस्ट्रेलियात सांगितलं होतं की दिवसभर लोकांशी बोलायचं असतं म्हणून लसूण वर्ज्य. लसणाची चटणी आपल्याआपल्यात ठेवा.

वाकायचं का, असंही पत्रात विचारलंय. सक्ती नाही, राजवाडाच तसं सांगतो. पुरुष मान किंचित झुकवतात, बायका गुडघ्यात थोडं वाकतात, किंवा नुसतं हस्तांदोलन. नमस्कार तर उत्तमच. मार्च २०२०मध्ये करोनामुळे स्वतः चार्ल्स लंडनमध्ये हस्तांदोलनासाठी पुढे केलेला हात मागे घेऊन नमस्कार करताना दिसले होते. राजाला पहिल्यांदा ‘युवर मॅजेस्टी’, नंतर ‘सर’. हे सगळं आता सैल झालंय. १२ डिसेंबर १९११च्या दिल्ली दरबारात बडोद्याचे सयाजीराव गायकवाड एकदाच झुकले आणि पाठ फिरवून परतले, त्यावरून लंडनच्या वृत्तपत्रांनी गहजब केला होता आणि महाराजांना व्हाइसरॉयला खुलाशाचं पत्र लिहावं लागलं होतं.

कॅनडाच्या नागरिकत्वाच्या शपथेत राजे चार्ल्स यांच्याशी निष्ठा म्हणावी लागते. आजोबा स्वातंत्र्यसैनिक होते, जीभ वळत नाही. काही पर्याय आहे का? – वाचक, टोरांटो

राजाचं नाव गाळण्याचा पर्याय नाही. देवाचं नाव न घेता ‘प्रतिज्ञा’ करता येते, राजा मात्र दोन्हींत आहे. याच मुद्द्यावर काही स्थायी रहिवासी न्यायालयात गेले. ऑन्टारियोच्या अपील न्यायालयाने २०१४मध्ये शपथ वैध ठरवली. म्हणणं असं की इथे राजा म्हणजे ती व्यक्ती नव्हे, कॅनडाच्या शासनव्यवस्थेचं ते प्रतीक आहे; आणि नागरिक झाल्यावर राजेशाहीच्या विरोधात बोलायला तुम्ही मोकळे आहात. शपथ घेऊन मग जाहीरपणे ‘राजाविषयीचा भाग मी मानत नाही’ असं कळवणारे लोकही आहेत. क्वेबेकने २०२२मध्ये आपल्या आमदारांपुरती राजाची शपथ ऐच्छिक केली, पण नागरिकत्वाला ती सवलत लागू नाही.

ब्रिटनमध्येही शपथेत राजा आहे आणि निमंत्रण आल्यापासून तीन महिन्यांत समारंभ उरकावा लागतो. ऑस्ट्रेलियात १९९४पासून प्रतिज्ञेत राजा-राणीचं नावच नाही. तिथे राजा असूनही.

आणि जी गोष्ट आजोबांपेक्षा जास्त अडवेल ती ही : परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. पासपोर्ट सरेंडर करून मगच ओसीआयचा (मूळच्या भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डाचा) अर्ज. जुन्या पासपोर्टवर प्रवास केला तर दंड होतो.

भारत राष्ट्रकुलात आहे, म्हणजे चार्ल्स आपलेही प्रमुख? – वाचक, लातूर

नाही. १५ ऑगस्ट १९४७ ते २६ जानेवारी १९५० या काळात सहावे जॉर्ज कायद्याने भारताचे राजे होते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. एप्रिल १९४९च्या लंडन जाहीरनाम्याने तोडगा काढला : भारत प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहील आणि राजा फक्त त्या मुक्त संघटनेचं प्रतीक असेल. आज ५६ सदस्य देशांपैकी ब्रिटनसह १५ देशांचेच चार्ल्स राजे आहेत. राष्ट्रकुलाचं प्रमुखपद वारसाहक्काचं नाही. चार्ल्स यांना ते मिळावं हे सदस्य देशांच्या नेत्यांनी २०१८मध्ये ठरवलं.

२०२२चा विल्यम आणि केट यांचा कॅरिबियन दौरा फसला असं म्हणतात. नेमकं काय चुकलं? – वाचक, मडगाव

फसला तो फोटोंत आणि भूगोलात. बेलीझमध्ये इंडियन क्रीक गावची पहिली भेट गावकऱ्यांच्या विरोधामुळे रद्द झाली. भांडण जमिनीचं होतं आणि त्यात न विचारता फुटबॉलच्या मैदानात हेलिकॉप्टर उतरवायचं ठरलेलं. मग जमैकात किंग्स्टनला ट्रेंचटाउनमध्ये तारेच्या जाळीपलीकडे हात पुढे करणारी कृष्णवर्णीय मुलं आणि अलीकडे हे दोघं, असा फोटो आला. जाळी फुटबॉल मैदानाची होती आणि मुलं खूष होती. फोटोत ते कुठे दिसतं? शेवटी पांढरे कपडे घालून उघड्या लँड रोव्हरमध्ये उभं राहून संचलनाची पाहणी. साठ वर्षांपूर्वी याच दृश्याने लोक भारावले असते. बार्बाडोस नोव्हेंबर २०२१मध्येच प्रजासत्ताक झालेलं आणि जमैकाचे पंतप्रधान होलनेस यांनी पाहुण्यांना समोर उभं करून सांगितलं की आम्ही पुढे निघालोय.

याच्या शेजारी राणी एलिझाबेथ यांचा मे २०११चा आयर्लंड दौरा ठेवून बघा. शंभर वर्षांत पहिल्यांदा ब्रिटिश राजसत्ता डब्लिनला आली होती. राणीने स्वातंत्र्यासाठी ब्रिटनशी लढून मेलेल्यांच्या स्मारकापुढे मान झुकवली, मेजवानीतल्या भाषणाची सुरुवात आयरिश भाषेत केली. रस्ते बंदोबस्तापायी जवळपास मोकळेच होते. गर्दी नव्हती, तरी दौरा यशस्वी ठरला, कारण यजमानाला काय बघायचंय याचा विचार आधी केला होता. नोव्हेंबर २०२३च्या सुमारास केनियात चार्ल्स यांनी वसाहतकाळातल्या अत्याचारांचा कडक शब्दांत निषेध केला, पण माफी मागितली नाही. माफी मागायची की नाही, हे ठरवायचा अधिकारही सरकारचाच.

आजी लेस्टरला राहते, पुढच्या वर्षी शंभरी. राजाचं कार्ड आपोआप येतं का? – वाचक, कोथरूड

आजी ब्रिटिश नागरिक असेल आणि तिथली सरकारी पेन्शन घेत असेल, तर पेन्शन खातंच राजवाड्याला कळवतं. तरी वाढदिवसाच्या दोन-तीन महिने आधी खात्री करून घ्या. जन्मतारखेचा घोळ आपल्याकडच्या त्या पिढीत नेहमीचा. पासपोर्टवर १ जून आणि घरात नागपंचमी असेल, तर कार्ड पासपोर्टच्या तारखेला येईल. पेन्शन नसेल तर राजवाड्याच्या संकेतस्थळावरून अर्ज करावा लागतो. पुढचं कार्ड १०५व्या वाढदिवसाला आणि तिथून दरवर्षी. लग्नाची साठ वर्षं झाल्यावरही कार्ड मिळतं, पण त्याला विवाहाचा दाखला लागतो आणि १९६०च्या आसपासच्या आपल्या लग्नांचा दाखला बहुतेक घरांत नसतो. असली तर पत्रिका असते. ती चालत नाही.